न्यूयॉर्कचे एचआयव्ही स्पेशल नीड्स प्लॅन: पात्र कोण, आणि घोडं अडतं कुठे?

पूर्वकिनारा | धागालेखन

आरोग्यविम्याच्या जुन्या धाग्यात हा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा "आधी ग्रीन कार्ड की आधी एच-४" या वादात बुडाला, म्हणून वेगळा धागा काढतोय. मजकूर न्यूयॉर्क शहरापुरता आहे. बाकी राज्यांचं प्रतिसादांत बघू.

न्यूयॉर्क राज्यात मेडिकेडच्या (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) आतच एचआयव्हीसाठी खास प्लॅन आहेत. त्यांना स्पेशल नीड्स प्लॅन म्हणतात. बोलताना सगळे 'स्निप' म्हणतात. २००३ पासून चालू आहेत. सध्या तीन आहेत: अमिडा केअर, मेट्रोप्लस हेल्थचा पार्टनरशिप इन केअर, आणि व्हीएनएस हेल्थचा सिलेक्टहेल्थ. साध्या मेडिकेड प्लॅनमध्ये जे मिळतं ते सगळं यात मिळतं. वर दोन गोष्टी येतात. मुख्य डॉक्टर एचआयव्हीचा अनुभव असलेला मिळतो, आणि एक केअर कोऑर्डिनेटर नेमून दिलेला असतो. तपासण्यांच्या तारखा, रिफिल, घराचा प्रश्न, मानसोपचार अशा गोष्टींच्या मागे तो लागतो. सभासदाला हप्ता नाही.

तीन प्रश्नांची उत्तरं 'हो' आली तर माणूस पात्र:

१. चालू मेडिकेड आहे का? म्हणजे अर्ज केलेला नव्हे, मंजूर झालेलं.
२. शहराच्या पाच बरोंपैकी (विभागांपैकी) एकात राहतो का?
३. एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे का? किंवा बेघर आहे का? किंवा ट्रान्सजेंडर आहे का? शेवटच्या दोघांना एचआयव्ही असण्याची अट नाही. पात्र सभासदाच्या अवलंबून मुलांनाही त्याच प्लॅनमध्ये घेता येतं.

तिसऱ्या प्रश्नाची लोकांना भीती असते. प्रत्यक्षात बहुतेक अर्ज पहिल्यावर पडतात. प्लॅनच्या ऑफिसात फोन करून "मी पॉझिटिव्ह आहे, मला घ्या" म्हटलं की ते आधी मेडिकेडचा सीआयएन नंबर मागतात. दोन अक्षरं, पाच आकडे, एक अक्षर. तो नंबर नसेल तर संभाषण तिथेच थांबतं.

सूचना: कृपया कोणाचंही नाव, क्लिनिकचं नाव किंवा केस नंबर इथे टाकू नका.

---

क्वीन्सकर

चांगला धागा. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न विचारून टाकतो: एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एच-४ (त्यांच्या कुटुंबाचा), एफ-१ (विद्यार्थ्यांचा), ताजं ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचा परवाना). यांपैकी कोणाला मेडिकेड मिळतं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

---

कागदी_घोडे

@क्वीन्सकर, प्रत्येक जण वेगळं सांगतो कारण प्रत्येकाचं वय वेगळं असतं! न्यूयॉर्कमध्ये व्हिसा आणि वय एकत्र बघावं लागतं.

ग्रीन कार्डला पाच वर्षं झालीत किंवा नागरिक आहे: सरळ मेडिकेड, उत्पन्न बसलं की झालं.

ग्रीन कार्डला पाच वर्षं झाली नाहीत, वय २१ ते ६४, उत्पन्न मेडिकेडच्या मर्यादेतच: इथे सगळे फसतात. फेडरल कायदा पाच वर्षं थांबायला सांगतो. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये अलिएसा खटल्यात सांगितलं की कायदेशीर स्थलांतरितांना राज्याने वगळता कामा नये. मग राज्याने पुढे खर्चाचा विचार करून या लोकांना एसेन्शिअल प्लॅन या राज्याच्या वेगळ्या स्वस्त विम्यात वळवलं. त्यामुळे उत्पन्न अगदी शून्य असलं तरी हातात पडतो तो एसेन्शिअल प्लॅन ३ किंवा ४. कव्हरेज चांगलं आहे, हप्ता नाही, पण ते मेडिकेड नव्हे. आणि मेडिकेड नाही म्हणजे स्निप नाही.

एच-१बी, एच-४ आणि इतर वैध तात्पुरते व्हिसा, राहणं न्यूयॉर्कमध्ये, वय २१ च्या वर: तीच वाट, एसेन्शिअल प्लॅन, तोही नोकरीतून परवडणारा विमा मिळत नसेल तर. एच-१बीवाल्यांना बहुधा कंपनीचा विमा असतो, त्यामुळे त्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यावर खाली लिहितो.

२१ च्या आतले आणि गरोदर बायका: वैध व्हिसावर असले तरी मेडिकेड मिळू शकतं. पाच वर्षांची अट यांना नाही.

बी-२ वर (पर्यटक व्हिसावर) मुलांकडे आलेले आईवडील: रहिवासी धरत नाहीत. जिवावर बेतलं तर इमर्जन्सी मेडिकेड, एवढंच. त्यावर कुठलाही प्लॅन जोडता येत नाही.

६५ च्या वरचे आईवडील, नवं ग्रीन कार्ड: एसेन्शिअल प्लॅन ६५ ला संपतो, म्हणून यांना उलट मेडिकेडच मिळतं. गंमत अशी की तिशीतल्या मुलाला जे मिळत नाही ते सत्तरीतल्या आईला मिळतं. पण तिथे मालमत्ता मोजतात. २०२५ ला एकट्या माणसाची मर्यादा ३२,३९६ डॉलर, जोडप्याची ४३,७८१. पुण्यातला दुसरा फ्लॅट, बँकेतल्या ठेवी, सगळं सांगावं लागतं. ६५ च्या आतल्यांना, अपंगत्वाच्या आधारावर मागणारे सोडून, मालमत्तेची अट नाही, फक्त उत्पन्न बघतात.

म्हणून मंजुरीचं पत्र आलं की वरचा मथळा वाचा. "मेडिकेड" लिहिलंय की "एसेन्शिअल प्लॅन", यावर पुढचं सगळं ठरतं. दोन्ही पत्रं न्यूयॉर्क स्टेट ऑफ हेल्थकडूनच (राज्याचं विम्याच्या अर्जांचं संकेतस्थळ) येतात आणि दिसायला जुळी भावंडं.

---

हडसनकाठ

मग एसेन्शिअल प्लॅनवाल्या पॉझिटिव्ह माणसाने करायचं काय?

---

कागदी_घोडे

घाबरायचं कारण नाही. एसेन्शिअल प्लॅनमध्येही एचआयव्हीचा डॉक्टर आणि गोळ्या मिळतात. फक्त स्निपवाला कोऑर्डिनेटर नसतो. आणि त्याच्या जोडीला राज्याचा अनइन्शुअर्ड केअर प्रोग्रॅम आहे, लोक त्याला ॲडॅप म्हणतात. नाव 'अनइन्शुअर्ड' असलं तरी विमा असलेल्यांनाही तो चालतो. नोकरीच्या विम्याचे को-पे, डिडक्टिबल (म्हणजे आपल्या खिशातून जाणारा वाटा) भरतो, काही अटींत हप्तासुद्धा. उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या ५०० टक्के, म्हणजे २०२५ च्या आकड्यांनी एकट्याला ७८,२५० डॉलर. व्हिसाची अट नाही, फक्त न्यूयॉर्कचा रहिवासी हवा. फोन १-८००-५४२-२४३७.

एच-१बीवर बऱ्या पगारात असलेला माणूस स्निपच्या मागे धावतो तेव्हा त्याला खरं हवं असतं ते हेच. आठवड्यातून दोनदा तरी हे कोणाला तरी सांगावं लागतं.

---

हिशेबनीस

उत्पन्नाचं मी घेतो, कारण तिथे दहा-पंधरा डॉलरांवरून निकाल लागतो.

मेडिकेडसाठी प्रौढांना मर्यादा फेडरल दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्के. २०२५ चे आकडे: एकटा २१,५९७ डॉलर वर्षाला, दोघं २९,१८७, तिघं ३६,७७७, चौघं ४४,३६७. अर्जात बघतात ते सध्याचं मासिक उत्पन्न. एकट्याचं ते साधारण १,८०० डॉलर.

आता पे स्टब (पगाराची पावती) हातात घ्या. आठवड्याचा पगार असेल तर चारने गुणू नका, ५२ ने गुणून १२ ने भागा. वर्षात अठ्ठेचाळीस नाही, बावन्न आठवडे असतात. सरळ वाटतं, पण निम्मे लोक चारने गुणून "बसतंय की" म्हणतात आणि नंतर पत्र येतं.

शहरातलं किमान वेतन २०२५ ला तासाला १६.५० होतं. आठवड्याला २५ तास = ४१२.५० डॉलर. गुणिले ५२, भागिले १२ = १,७८७.५०. बसलं. १ जानेवारी २०२६ ला वेतन १७ डॉलर झालं. तेच २५ तास = ४२५ डॉलर, महिन्याला १,८४१.६७. २०२५ च्या मर्यादेने बाहेर! एक तासही जास्त काम न करता. दारिद्र्यरेषेचे नवे आकडे जानेवारीत जाहीर होतात, पण मेडिकेडच्या हिशेबात यायला थोडा वेळ लागतो. मधल्या काळात नूतनीकरण आलं तर खटका उडतो.

उपाय कायदेशीर आहेत. हिशेब धरतात तो करपात्र उत्पन्नाच्या जवळचा. पगारातून करापूर्वी कापलेला प्रवासखर्च, ४०१-के, किंवा स्वतः भरलेली ट्रॅडिशनल आयआरए (दोन्ही निवृत्तीच्या बचतीची खाती) हे वजा होतं. वरच्या उदाहरणात महिन्याला ५० डॉलर आयआरएत टाकले तर १,७९१.६७, म्हणजे परत आत. रॉथ आयआरए मात्र वजा होत नाही.

आपल्या लोकांच्या खास चुका:

भारतात आईवडिलांना पाठवलेले पैसे वजा होत नाहीत. कितीही पाठवा. आणि ते तिकडे राहत असतील तर कुटुंबाच्या आकड्यातही धरता येत नाहीत, कारण अमेरिकी करविवरणात भारतात राहणारे परदेशी आईवडील अवलंबून म्हणून लावता येत नाहीत.

एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असतं, इथे नसतं. इथल्या करासाठी रहिवासी असलात तर ते उत्पन्नात येतं, मेडिकेडच्या हिशेबातही. पिंपरीच्या फ्लॅटचं भाडंही येतं, खर्च वजा जाता.

टॅक्सी किंवा डिलिव्हरी चालवणाऱ्यांचं उलटं. ते ॲपवर दिसणारा एकूण आकडा लिहून मोकळे होतात. लिहायचा असतो निव्वळ नफा. पेट्रोल, ॲपचं कमिशन, गाडीचं भाडं वजा करून.

भारतातून आलेला वारसा किंवा भेट हे उत्पन्न नाही. त्यावर पुढे मिळणारं व्याज उत्पन्न आहे.

---

तिरकस

थोडक्यात, सोसायटीच्या मेंटेनन्सपेक्षा अवघड हिशेब. पण ५२ ने गुणायचं कळलं.

---

जर्सीवाली

एडिसन, जर्सी सिटीवाल्यांसाठी एकच ओळ: नोकरी मॅनहॅटनला आणि डॉक्टरही मॅनहॅटनला असला तरी घर नदीपलीकडे असेल तर न्यूयॉर्कचा स्निप मिळत नाही. राहता पत्ता बघतात. न्यू जर्सीत एचआयव्हीचा वेगळा मेडिकेड प्लॅन नाही. एनजे फॅमिलीकेअर (तिथलं मेडिकेड) आहे, प्रौढांना तिथेही १३८ टक्केच. आणि गोळ्यांसाठी राज्याचा एडीडीपी, ५०० टक्क्यांपर्यंत. मित्राचा क्वीन्सचा पत्ता टाकायचा सल्ला कोणी देत असेल तर हात जोडा. तो खोटा अर्ज आहे.

---

नमुना_क्रमांक_३

पॉझिटिव्ह असल्याचा पुरावा या भागावर.

नोंदणी करताना बहुधा तोंडी सांगणं पुरतं, पण प्लॅनला नंतर खात्री करून घ्यावी लागते. काय चालतं: पॉझिटिव्ह आलेली आणि पुष्टी झालेली अँटिबॉडी तपासणी, विषाणू दिसत असलेला व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) रिपोर्ट, किंवा डॉक्टरांचं सही-तारखेचं पत्र.

काय अडतं: ताजा व्हायरल लोड रिपोर्ट ज्यावर "अनडिटेक्टेबल", म्हणजे विषाणू मोजण्याइतका सापडला नाही, असं लिहिलंय. उपचार उत्तम चालू असलेल्या माणसाकडे नेमका हाच असतो! वाचणाऱ्याला त्यावरून निदान दिसत नाही, आणि फाइल परत येते. अशा वेळी जुना पुष्टीचा रिपोर्ट किंवा डॉक्टरांचं पत्र जोडा. पत्रात निदान, उपचार सुरू असल्याचा उल्लेख, डॉक्टरांचा परवाना क्रमांक एवढं हवं. दोन ओळींचं पत्र पुरतं.

भारतातून आलेल्यांकडे आयसीटीसीचा (सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्राचा) रिपोर्ट आणि एआरटी सेंटरचं (एचआयव्ही उपचार केंद्राचं) हिरवं पुस्तक असतं. ते फेकू नका, स्कॅन करून ठेवा. इथल्या डॉक्टरला पहिल्या भेटीत त्यातून सीडी४ चा (प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या मोजणीचा) इतिहास आणि औषधं कधी बदलली ते कळतं. पण आयसीटीसीच्या रिपोर्टवर पीआयडी नंबर असतो आणि त्याचा इथल्या कुठल्याच कागदाशी मेळ बसत नाही. त्यामुळे इथल्या लॅबमध्ये परत तपासणी करणं आणि डॉक्टरांचं पत्र घेणं हाच जलद रस्ता.

गोळ्यांचं एक. भारतात सरकारी केंद्रातून मिळणारी टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३००, डोल्युटेग्रॅव्हिर ५० ही एकच गोळी, इथल्या दुकानात त्या रूपात सहसा नसते. डॉक्टर डोल्युटेग्रॅव्हिर वेगळी आणि बाकीची दोन एकत्र अशा दोन गोळ्या देतात, नाहीतर बिक्टार्व्हीसारख्या एका गोळीवर बदलतात. बाटली संपायच्या आठ दिवस आधी नाही, दोन महिने आधी हालचाल करा.

---

काउंटरमागचा

गोळ्यांवरून आठवलं, फार्मसीत रोज होणारा घोळ.

१ एप्रिल २०२३ पासून मेडिकेड प्लॅनवाल्यांची औषधं प्लॅनकडून निघत नाहीत. ती थेट राज्याच्या एनवायआरएक्स योजनेतून निघतात. स्निपलाही हेच लागू. म्हणजे फार्मसीत स्निपचं रंगीत कार्ड दिलं की संगणक "नॉट कव्हर्ड" म्हणतो, माणूस घाबरतो, "माझा प्लॅन बंद झाला" म्हणून घरी जातो आणि दोन दिवस गोळ्या चुकतात. प्लॅन व्यवस्थित चालू असतो! द्यायचं असतं ते राज्याचं मेडिकेड कार्ड, त्यावरच्या सीआयएन नंबराने बिल लागतं. कार्ड हरवलं असेल तरी सीआयएन नंबर पुरतो. तो बहुतेक प्लॅनच्या कार्डावरही छापलेला असतो, सदस्य क्रमांकाच्या आसपास बघा.

डॉक्टरकडे प्लॅनचं कार्ड, फार्मसीत राज्याचं. दोन्ही पाकिटात ठेवा.

---

हडसनकाठ

वरच्या यादीत मेडिकेअरचं (६५ च्या वरच्यांचा आणि अपंगांचा फेडरल विमा) आलं नाही. ६५ झाले की मेडिकेअर आणि स्निप दोन्ही ठेवता येतात ना? दुहेरी फायदा?

---

पूर्वकिनारा

नाही. हा समज फार पसरलाय. मेडिकेअर सुरू झालं, मग ते वयाने असो किंवा अपंगत्वाचे २४ महिने पुरे झाल्याने, की साधारण स्निपमधून बाहेर पडावं लागतं. मेडिकेड राहू शकतं, पण प्लॅन बदलतो, आणि औषधं मेडिकेअर पार्ट डीतून (त्यातल्या औषधांच्या भागातून) येऊ लागतात. हा बदल ज्या महिन्यात होतो त्याच्या आधीच्या महिन्यात रिफिल घेऊन ठेवा, आणि पार्ट डी योजनेच्या यादीत आपली गोळी आहे ना ते बघा.

आणखी कोण बाहेर: नोकरीचा पूर्ण विमा असलेले, आणि जास्तीचं उत्पन्न दर महिन्याला खर्च दाखवून मेडिकेड मिळवणारे म्हणजे 'स्पेंडडाउन'वाले.

मानसोपचाराची किंवा व्यसनमुक्तीची जास्त गरज असेल तर "हार्पमध्ये जा" असं सांगतात, म्हणजे त्या गरजांसाठीच्या वेगळ्या मेडिकेड प्लॅनमध्ये. त्यासाठी स्निप सोडायची गरज नाही. पात्र असाल तर त्या वाढीव सेवा स्निपच्या आतच मिळतात.

---

अबोली_२

ट्रान्सजेंडर पात्रतेबद्दल थोडं सविस्तर लिहाल का? शस्त्रक्रियेचे कागद, नाव बदलल्याचा आदेश वगैरे लागतं का?

---

पूर्वकिनारा

@अबोली_२, नोव्हेंबर २०१७ पासून एचआयव्ही असो वा नसो, ट्रान्स व्यक्तींना स्निपमध्ये येता येतं. शस्त्रक्रिया झालेली असण्याची अट नाही, कोर्टाचा आदेश नाही. स्वतः सांगणं हा आधार. मेडिकेडच्या नोंदीत जुनं नाव असेल तर कार्डावर तेच येतं, पण प्लॅनला वापरातलं नाव आणि सर्वनाम कळवून ठेवता येतं. हार्मोनचं प्रिस्क्रिप्शन वरच्यासारखंच, राज्याच्या कार्डावर.

बेघर म्हणजे फक्त फुटपाथवर झोपणारे नव्हेत. शेल्टरमध्ये राहणारेही येतात. पत्राचा पत्ता कुठला द्यायचा हा तिथे खरा प्रश्न, कारण नूतनीकरणाचं पत्र हरवलं की सगळं हरवतं.

पॉझिटिव्ह असलेल्यांनी घरासाठी वेगळा अर्ज हासाकडे करावा, तो शहराचा विभाग आहे. २०१६ पासून लक्षणं नसलेल्या पॉझिटिव्ह माणसालाही तिथे अर्ज करता येतो, आजार बळावण्याची वाट बघायची गरज नाही. हासा आणि स्निप दोन्ही एकत्र चालतात.

---

क्वीन्सकर

गुप्ततेचं काय? आपला समाज केवढासा. गणपतीत शंभर ओळखीचे भेटतात.

---

कागदी_घोडे

रास्त प्रश्न. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात कलम २७-एफ आहे. एचआयव्हीची माहिती लेखी संमतीशिवाय देता येत नाही, साधी वैद्यकीय संमती त्याला पुरत नाही. त्यासाठी डीओएच-२५५७ हा वेगळा फॉर्म असतो. त्यात कोणाला, कोणत्या कामासाठी, किती काळ हे लिहायचं असतं. कोरा फॉर्म सही करून कधीच देऊ नका. "मुदत" हा रकाना रिकामा सोडला की तो संमतीचा कागद वर्षानुवर्षं फिरतो.

दुभाषा: मेडिकेड ऑफिस, प्लॅन, क्लिनिक सगळीकडे मराठी दुभाषा फुकट मागता येतो, फोनवर. प्रत्यक्ष माणूस नको असेल तर तसं सांगा. ओळखीतल्या काकूंना किंवा स्वतःच्या मुलीला दुभाषा म्हणून नेऊ नका. संकोचामुळे अर्धी माहिती तिथेच गळते. "मराठी" मागितलं की काही ठिकाणी हिंदीवाला जोडून देतात, तेव्हा फोन ठेवून परत मागायला लाजू नका.

पत्रं: प्लॅनच्या पाकिटावर एचआयव्ही लिहिलेलं नसतं, पण प्लॅनचं नाव असतं आणि ते गूगल करता येतं. रूममेट असतील तर पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा द्या, आणि व्हॉइसमेलवर निरोप ठेवायचा की नाही तेही नोंदवा.

ग्रीन कार्डची भीती असते तिच्याबद्दलही. एचआयव्ही हे अमेरिकेत प्रवेश नाकारण्याचं कारण ४ जानेवारी २०१० पासून राहिलेलं नाही, इमिग्रेशनच्या वैद्यकीय तपासणीत ती चाचणीही नाही. मेडिकेड घेतल्याने 'पब्लिक चार्ज', म्हणजे सरकारवर भार ठरून ग्रीन कार्ड नाकारण्याचा शिक्का, लागतो का? २०२२ च्या नियमात फक्त सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहणं आणि रोख मदत धरतात. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नियम रद्द करायचा प्रस्ताव आलाय. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, धाग्यावर विसंबू नका. गोळ्या मात्र थांबवायच्या नाहीत. शहराच्या सेक्शुअल हेल्थ क्लिनिकमध्ये व्हिसा न विचारता उपचार सुरू करून देतात.

---

हिशेबनीस

आता नोंदणीची पद्धत कोणीतरी लिहा. सगळे पात्रतेवरच अडकलेत.

---

पूर्वकिनारा

लिहितो.

मेडिकेडचा अर्ज: ६५ च्या आतले, अपंगत्व नसलेले न्यूयॉर्क स्टेट ऑफ हेल्थच्या संकेतस्थळावरून. ६५ च्या वरचे आणि अपंगत्वाच्या आधारावर मागणारे शहराच्या एचआरएकडे (शहराचा समाजकल्याण विभाग). चुकीच्या दारात अर्ज टाकला की तो इकडून तिकडे जायला आठवडे लागतात. मंजूर होताना आधीच्या तीन महिन्यांची बिलं असतील तर तेव्हाच सांगा, ती मागे जाऊन धरतात.

मंजुरीनंतर प्लॅन निवडायचा. निवडला नाही तर आपोआप एखाद्या साध्या प्लॅनमध्ये टाकतात. तरी बिघडत नाही: पॉझिटिव्ह माणसाला साध्या प्लॅनमधून स्निपमध्ये कधीही जाता येतं. बाकीच्यांना ९० दिवसांनंतर प्लॅन बदलण्यावर जे नऊ महिन्यांचं कुलूप लागतं ते याला आड येत नाही. फोनवर "तुम्ही लॉक-इनमध्ये आहात" असं ऐकू आलं तर "एचआयव्ही स्निपमध्ये बदली हवी" हे शब्द नीट उच्चारा. साधं "प्लॅन बदलायचाय" म्हटलं की तेच उत्तर परत मिळतं. फोन न्यूयॉर्क मेडिकेड चॉइसचा: १-८००-५०५-५६७८.

प्लॅन नेहमी १ तारखेला सुरू होतो. महिन्याच्या पूर्वार्धात काम झालं तर पुढची १ तारीख, उशीर झाला तर त्याच्या पुढची. मधल्या काळात मेडिकेड चालूच असतं.

तीनपैकी कोणता निवडायचा? प्लॅनच्या पत्रकांवरून ठरवू नका. ज्या क्लिनिकमध्ये जायचंय तिथल्या बिलिंगच्या खिडकीवर विचारा, "तुम्ही कोणता स्निप घेता?" मेट्रोप्लस शहराच्या हॉस्पिटल यंत्रणेचाच आहे, त्यामुळे सरकारी हॉस्पिटलात जाणाऱ्यांना तो सोयीचा. डॉक्टर नेटवर्कबाहेरचा निघाला आणि आजार गंभीर असेल तर ६० दिवसांपर्यंत त्याच्याकडे उपचार चालू ठेवायची मागणी करता येते. डॉक्टरने प्लॅनच्या अटी मान्य करायला हव्यात.

सेवा नाकारली तर नकाराच्या पत्रापासून ६० दिवसांत प्लॅनकडे अपील. चालू सेवा तोडत असतील आणि ती तोवर चालू हवी असेल तर मात्र १० दिवसांत. प्लॅनने परत नाही म्हटलं तर १२० दिवसांत फेअर हिअरिंग, म्हणजे राज्याकडे सुनावणी. पत्राचं पाकीटही ठेवा, त्यावरचा पोस्टाचा शिक्का कामी येतो.

---

तिरकस

फ्लोरिडाचं? टाम्पात मराठी मंडळी बरीच आहेत.

---

नमुना_क्रमांक_३

तिथेही मेडिकेडमध्ये एचआयव्हीचा खास प्लॅन आहे, क्लिअर हेल्थ अलायन्स. पण फ्लोरिडाने मेडिकेडचा विस्तार केलेला नाही. मूलबाळ नसलेला, अपंगत्व न ठरलेला प्रौढ कितीही गरीब असला तरी मेडिकेडमध्ये येत नाही. म्हणजे खास खोली आहे, पण इमारतीचं फाटक बंद. त्यांनी रायन व्हाइट क्लिनिक (एचआयव्हीसाठी फेडरल पैशावर चालणारी) आणि फ्लोरिडाचा ॲडॅप बघावा.

---

कागदी_घोडे

पुढे काय बदलतंय ते एकत्र लिहितो. जुलै २०२५ च्या फेडरल कायद्यामुळे:

१ ऑक्टोबर २०२६ पासून फेडरल मेडिकेडचे पैसे मोजक्याच स्थलांतरितांसाठी मिळतील. पाच वर्षं झालेले ग्रीन कार्डधारक त्यात राहतात. आश्रय मिळालेले लोक बाहेर पडतात, त्यांचा भार राज्यावर.

१ जानेवारी २०२७ पासून १९ ते ६४ मधल्या विस्तारित गटातल्या (मेडिकेडच्या विस्तारामुळे आत आलेल्या) प्रौढांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा दाखवावी लागेल, आणि नूतनीकरण वर्षाऐवजी सहा महिन्यांनी होईल. कायद्यात 'मेडिकली फ्रेल' लोकांना सूट आहे, त्यात गंभीर किंवा गुंतागुंतीचे आजार येतात. पण सूट आपोआप लागेल असं धरून चालू नका. डॉक्टरांच्या पत्राची फाइल आत्तापासून तयार ठेवा.

एसेन्शिअल प्लॅनची वरची मर्यादा २०२५ ला २५० टक्के होती. ती २०० वर आणायची परवानगी राज्याने २०२५ मध्ये मागितली. २०० ते २५० मधल्यांनी पत्रांकडे लक्ष ठेवा.

---

हडसनकाठ

नूतनीकरण चुकलं तर? पत्र मिळालंच नाही तर?

---

काउंटरमागचा

स्टेट ऑफ हेल्थमधलं मेडिकेड बंद झालं तर ९० दिवसांच्या आत नूतनीकरणाचे कागद दिले की नवा अर्ज न करता परत सुरू होतं. त्यात गोळ्या थांबू द्यायच्या नाहीत, त्याच दिवशी ॲडॅपला फोन करायचा. आणि मेडिकेड परत सुरू झाल्यावर स्निपही परत जोडला गेलाय ना ते वेगळं विचारा. कधी मेडिकेड येतं आणि प्लॅनची जागा रिकामीच राहते. अपॉइंटमेंटच्या दिवशी खिडकीवर कळण्यापेक्षा १ तारखेला सकाळी फोन केलेला बरा.

---

क्वीन्सकर

@काउंटरमागचा, घर बदललं तर पत्ता प्लॅनला कळवला की पुरतं ना?

---

काउंटरमागचा

नाही. प्लॅनला वेगळा, मेडिकेडला वेगळा, हासा असेल तर तिसरीकडे. आणि तिन्ही ठिकाणी फ्लॅटचा नंबर अगदी सारखा लिहा. एकीकडे "२एफ" आणि दुसरीकडे नुसतं "दुसरा मजला" लिहिलं की पोस्टमन पत्र परत पाठवतो, आणि परत आलेलं पत्र म्हणजे ऑफिसच्या लेखी तुम्ही घर सोडून गेलात.